अडतीस पानं, तीन सेट

सुगंधा करार घेऊन आली तेव्हा
मशीन नुकतंच तापलं होतं.
तीन सेट, म्हणाली, पाठपोट नको, वकील ओरडतो.
वकील.
सहा वर्षांत या पोरीच्या तोंडून हजार शिव्या ऐकल्या,
हा शब्द पहिल्यांदा.

भांडुपला, पिठाच्या गिरणीमागे, पत्र्याच्या खोलीत
'कंडम' वाजवायचे तेव्हा गिरणीवाला पट्टा बंद करायचा नाही,
म्हणून पहिल्या सीडीत
सगळ्या गाण्यांखाली ज्वारी दळली जातेय.
लोकांना वाटलं, मुद्दाम केलंय.
कंपनी माझीच. म्हणजे काय, तर
टेबलाखालचं खोकं, गमचा डबा,
गोल कापलेली दोनशे लेबलं.
लेबल म्हणजे आमच्याकडे खरोखर लेबल,
चिकटवायचं, आणि वाळेपर्यंत फुंकर मारायची.
वसीम तांबोळी एका बैठकीत चाळीस चिकटवायचा,
पायाने ठेका धरून,
त्यामुळे सगळी वाकडी.

पान सात. नाव बदलून हवंय.
'कंडम' म्हटलं की अंधेरीच्या त्या थंडगार मजल्यावर
सगळे एकमेकांकडे बघून हसतात म्हणे.
एल्टनने समजावलं: भंगार हो, मोडीत निघालेलं,
म्युनिसिपालिटी बिल्डिंगला म्हणते ते.
त्यांनी लिहून घेतलं. मग विचारलं,
पण फॅमिली ऑडियन्सचं काय?

पान अकरा. टँकरच्या गाण्यातल्या दोन शिव्या
आणि नगरसेवकाचं आडनाव.
तिथे आता झांज वाजेल.

पान सतरा अडकलं.
झाकण उघडलं, रोलर फिरवला, कागद ओढला,
निम्मा काळा, निम्मा चुरगळलेला.
माझ्या इंग्रजीला कळलं तेवढं:
यापूर्वीच्या सर्व प्रती नष्ट.
माझ्या पायाशी खोक्यात चौसष्ट आहेत.
पायानेच जरा आत सरकवलं.
तिने पाहिलं. तिने पाहिलेलं मी पाहिलं.
चहा मागवला.

विकले गेले साले, म्हणणारी पोरं येतात दुकानात
कॉलेजचं प्रोजेक्ट बाइंड करायला,
टी-शर्टला घरी कात्रीने पाडलेली भोकं.
मी काय बोलू. मी पानाला पन्नास पैसे घेतो,
घटस्फोटाच्या कागदाचे तेवढेच, लग्नपत्रिकेचेही.
वसीम दिवसा कुरिअरची पाकिटं टाकतो,
झांजेला चीर गेली तर
पुढच्या पगारापर्यंत ती चिरलेलीच वाजते.
कुणी नवी देत असेल
तर मी गमचा डबा दाखवून अडवू?

फोटो काढला तिचा, नव्या कव्हरसाठी.
चार दिवे, पंखा, आणि एक माणूस खास
गालाला काजळी लावायला.
खरी नाही चालत? तिने विचारलं.
तो म्हणाला, खरी फोटोत नीट येत नाही.

आमचं पहिलं कव्हर: रात्री साडेअकरा,
शटर अर्धं खाली,
तिने गाल या काचेवर टेकवला, डोळे मिटले,
मी बटण दाबलं. हिरवा उजेड
कानापासून ओठापर्यंत सरकत गेला.
नाकात आईची चमकी,
अख्ख्या बँडमधली एकुलती खरी हिऱ्याची वस्तू.
तिला हसू आलं, हलली.
काचेवर ओरखडा.

तेव्हापासून भांडुप पश्चिमेला
रेशनकार्डं, शाळा सोडल्याचे दाखले,
भाडेकरार, मयताचे पास,
सगळ्यांवर डाव्या कोपऱ्यात केसाएवढी तिरकी रेघ.
कुठल्याच साहेबाने अजून विचारलेली नाही.
एकशे चौदा पानांवरही गेली.

किती झाले?
सत्तावन्न.
तिने साठ ठेवले. सहा वर्षांच्या उधारीत
पहिल्यांदाच सुटे परत करायची पाळी,
आणि गल्ल्यात तीन रुपये सापडेनात.
राहू दे, म्हणाली. गेली.

मेकॅनिक दर वेळी सांगतो,
काच बदला, आठशे रुपये.
बघू, म्हणतो.